आधी वजन उतरवू की आधी धावायला लागू?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एका जागी मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३९, वजन १०४ किलो. वर्षभर नियमित चालता, ५ किलोमीटरला ५५ मिनिटं लागतात. पाच महिन्यांनी हाफ मॅरेथॉन आहे आणि तिची वेळमर्यादा साडेतीन तासांची. याआधी दोनदा धावायला सुरुवात केलीत आणि दोन्ही वेळा दोन-तीन आठवड्यांत नडग्या ठणकायला लागल्या म्हणून सोडून दिलंत. घरचे म्हणतात, आधी ऐंशी किलोवर ये, मग काय ते धाव, नाहीतर गुडघे जातील. तर वजन आधी की धावणं आधी?

माझं उत्तर : धावणं आधी. आज आहे त्या वजनावर, पण गेल्या दोन वेळी धावलात त्या पद्धतीनं नाही. मी स्वतः वजनदार शरीरानं बरीच वर्षं धावते आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत नव्वद-शंभर किलोच्या पुढचे पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी जे अडकतात, ते बहुतेक वजनामुळे अडकत नाहीत. पाय तयार होण्याआधी दम तयार होतो आणि ते दमाचं ऐकतात, म्हणून अडकतात. तुमच्या नडग्यांचंही मला तेच दिसतंय.

वर्षभर चालल्यामुळे तुमचं हृदय आणि फुप्फुसं बऱ्यापैकी तयार झाली आहेत. त्यामुळे धावायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात दहा-पंधरा मिनिटं सलग धावता आलं असेल आणि छानही वाटलं असेल. दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायूंनाही फार वेळ लागत नाही. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं मात्र महिने घेतात. हाडावर नवा भार आला की त्याचा थोडा भाग आधी पोखरला जातो आणि मग तिथे नवं हाड भरलं जातं. या पूर्ण फेऱ्याला तीन-चार महिने सहज लागतात. पहिल्या काही आठवड्यांत पोखरणं पुढे असतं, भरणं मागे. नेमक्या त्याच काळात आपल्याला उत्साह असतो आणि आपण अंतर वाढवतो.

त्यात भाराचा हिशेब धरा. चालताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सव्वापटीच्या आसपास जोर परत येतो. धावताना तो दोन ते अडीच पट होतो. साठ किलोच्या माणसाला हा फरक पेलायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा तुम्हाला थोडा जास्त लागेल, एवढाच याचा अर्थ. शरीर भाराला जुळवून घेतं, फक्त भार हप्त्यांनी द्यावा लागतो.

आता गुडघ्यांबद्दल. हौशी पातळीवर धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा संधिवात न धावणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही. वजन जास्त असणं हे गुडघ्याच्या झिजेचं एक कारण आहे, हेही तितकंच खरं. पण धावलं की गुडघे संपले, हे समीकरण चुकीचं आहे. तुमच्या गुडघ्यात आधीपासून झीज असेल, लिगामेंटची (हाडाला हाड जोडणाऱ्या बंधाची) जुनी दुखापत असेल, किंवा जिना उतरताना गुडघा सुजत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. मग आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. तसंच रक्तदाब, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणं, घरात कमी वयात हृदयविकार, यांतलं काही असेल तर सुरुवातीआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. कुणी काहीही सांगितलं तरी ही पायरी गाळू नका. छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा श्रमाच्या मानानं जास्तच धाप लागली, तर त्या दिवसाचा व्यायाम तिथेच थांबवा आणि तपासून घ्या.

आता साडेतीन तास. ही भीती तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान आहे, आणि ते आकड्यांत पाहिलं की पटतं. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं, म्हणजे एका किलोमीटरला ९ मिनिटं ५७ सेकंद. तुमचा आजचा चालण्याचा वेग किलोमीटरला ११ मिनिटं. या वेगानं शेवटपर्यंत नुसतं चालत राहिलात तर ३ तास ५२ मिनिटं लागतील. फरक फक्त २२ मिनिटांचा आहे. किलोमीटरमागे एक मिनिट आणि थोडंसं.

हा फरक भरून काढायला एकवीस किलोमीटर धावायची गरजच नाही. एक मिनिट हळू धावा, किलोमीटरला ८ मिनिटांच्या वेगानं, आणि एक मिनिट तुमच्या नेहमीच्या ११ च्या वेगानं चाला. असं आलटून पालटून शेवटपर्यंत केलं तर सरासरी किलोमीटरला सव्वानऊ मिनिटांच्या जवळ येते आणि शर्यत साधारण ३ तास १५ मिनिटांत संपते. पंधरा मिनिटं हातात राहतात. पाणी प्यायला, बुटाची नाडी बांधायला, शेवटच्या टप्प्यात मंदावायला. अर्थात ५ किलोमीटर टिकणारा वेग आपोआप २१ ला टिकत नाही. त्यासाठीच हे पाच महिने आहेत.

धावणं-चालणं आलटून पालटून करणं म्हणजे हार मानणं, असा एक समज आहे. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १० हजार मीटर धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलवे यांनी हीच पद्धत जगभरच्या हौशी धावपटूंमध्ये रुजवली. तिच्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा : चालण्याचा टप्पा दमण्याआधी घ्यायचा. पहिल्या किलोमीटरपासून. दमल्यावर चालायला लागलात तर ती विश्रांती उशिरा मिळालेली असते आणि पुढच्या धावण्याला तिचा उपयोग होत नाही. घड्याळात किंवा फोनवर बीप लावा आणि ते वाजलं की चाला, कितीही ताजंतवानं वाटत असलं तरी.

सुरुवात अशी करा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. पाच मिनिटं चालणं, मग ३० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. पहिले दोन आठवडे एवढंच. हे फार कमी वाटेल, आणि वाटायलाच हवं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ४५ सेकंद धावणं, ७५ सेकंद चालणं. मग एक मिनिट, एक मिनिट. तिथे पोचलात की प्रमाण बदलू नका, फक्त अंतर वाढवा. उरलेल्या दिवसांपैकी एक दिवस सायकल किंवा पोहणं ठेवा, म्हणजे पायांना धक्का न देता दम वाढतो. बाकी चालणं चालू ठेवा, पण एक दिवस पूर्ण सुट्टीचा असू द्या.

धावण्याचा वेग किती? धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मधेच श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग जास्त आहे. हृदयगतीच्या घड्याळावर मी नवख्यांना चालवत नाही. मनगटावरचा सेन्सर बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयगतीच खाली ठेवतात, त्यामुळे त्यावरचे झोन, म्हणजे हृदयगतीवरून ठरवलेले श्रमाचे टप्पे, निरर्थक ठरतात. बोलण्याची कसोटी मात्र कुठल्याही गोळीवर चालते.

पाऊल लहान टाका. वजनदार धावपटूंना वेग वाढवायचा झाला की ते ढांगा लांबवतात. मग पाय शरीराच्या पुढे पडतो आणि प्रत्येक पाऊल ब्रेकसारखं बसतं. त्याऐवजी आहे त्याच वेगात मिनिटाला पाच-दहा टक्के जास्त पावलं टाका. गुडघ्यावरचा भार त्यानं खरोखर कमी होतो. कसं ओळखायचं? आवाज ऐका. पावलांचा धप्प धप्प आवाज येत असेल तर पाऊल अजून लांब आहे. टाच आधी टेकते की चवडा, या वादात पडू नका.

पहिले दोन आठवडे झाले की आठवड्यातला एक दिवस लांब अंतराचा. ६ किलोमीटरपासून सुरू करा आणि दर आठवड्याला साधारण एक किलोमीटर वाढवा. दर चौथ्या आठवड्याला मात्र एक-तृतीयांश कमी करा. पोखरलेलं भरून निघायला हा आठवडा लागतो. शर्यतीच्या तीन आठवडे आधी १६ ते १८ किलोमीटरपर्यंत पोचा आणि तिथेच थांबा. सरावात पूर्ण २१ करायचा हट्ट धरू नका. तुमच्या वेगानं १८ किलोमीटरलाच जवळजवळ तीन तास होतात, आणि त्यापुढच्या अर्ध्या तासात फायद्यापेक्षा झीज जास्त होते, असं मी पाहत आले आहे. शेवटचे दोन आठवडे अंतर उतरवत न्यायचं.

अंतर वाढवायचं की नाही, हे तक्त्याला विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांना विचारा. पलंगावरून उठून पहिली दहा पावलं टाका, मग एक जिना उतरा. मांड्या-पोटऱ्या जड वाटल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या, आणि थोडं चालल्यावर मोकळ्या झाल्या, तर सगळं ठीक. एकाच बाजूला दुखतंय, टाचेखाली टोचतंय, किंवा जिना उतरताना पाऊल वाकडं पडतंय, तर त्या दिवशी धावणं नाही. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत विरत असेल, तर चालवून घेता येतं. त्यापुढे नाही.

नडगीबद्दल वेगळं सांगते, कारण तुमचा इतिहास तिथला आहे. खुर्चीत बसा, पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा आणि नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेनं अंगठा दाबत घोट्यापासून वर न्या. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे सारखं हुळहुळत असेल, तर तो बहुतेक अति भाराचा त्रास आहे. धावणं कमी केलं आणि पोटऱ्या मजबूत केल्या की बसतो. पण एकाच ठिकाणी, नाण्याएवढ्या जागेत, दाबल्यावर जीव कळवळत असेल, किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे मग "थोडं दुखणारच" म्हणून पुढे जायचं नाही. डॉक्टरकडे जायचं. आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेत अशी चीर अनेकदा दिसतच नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी दुखणं तसंच असेल तर पुन्हा दाखवायचं.

पोटऱ्या मजबूत करणं हा माझ्या मते तुमच्या तयारीतला सर्वात दुर्लक्षित भाग असणार. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. पायरीवर एका पायानं चढणं आणि सावकाश उतरणं. पाठीवर झोपून कंबर उचलणं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. हे करणारे आणि न करणारे, असे दोन गट चार महिन्यांनी माझ्यासमोर उभे असतात आणि कुठला कुठला ते सांगावं लागत नाही.

बूट दुकानात संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. पाय रुंद असेल तर नंबर वाढवून उपयोग नाही, रुंद मापाचाच बूट मागा. सोल अगदी मऊ, लुसलुशीत घेऊ नका. जास्त वजनाखाली तो एका बाजूला दबतो आणि घोटा आत कलतो. बूट सपाट टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला झुकलेला दिसला तर त्याचे दिवस भरले. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर बूट टिकतो म्हणतात, तुम्ही त्यातला खालचा आकडा धरा.

आणि कातडी. याबद्दल कुणी बोलत नाही, पण वजनदार शरीराला दहा किलोमीटरनंतर थांबवणारी गोष्ट बऱ्याचदा हीच असते. मांड्यांच्या आतल्या बाजू, काखा, ब्राच्या पट्ट्याखाली, पोटाच्या घडीत घाम सुकून मिठाचे कण उरतात आणि कातडी सोलवटते. धावताना कळतही नाही, आंघोळीचं पाणी पडलं की आग होते. जिथे आग झाली ती जागा लक्षात ठेवा आणि पुढच्या वेळी निघण्याआधी तिथे पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावा. दीड तासाच्या पुढे जाणार असाल तर छोटी डबी बरोबर ठेवा आणि पुन्हा लावा. खाली गुडघ्याच्या थोडी वरपर्यंत येणारी, मांडीला घट्ट बसणारी शॉर्ट्स घाला. वर सैल काही घालायचं असेल तर खुशाल घाला. शिवण मांडीच्या आतल्या बाजूला येते का, ते कपडा उलटा करून पाहा. सुती कपडे नकोत. ब्रा दोन्ही बाजू स्वतंत्रपणे आधार देणारी, रुंद पट्ट्यांची घ्या, आणि दुकानात ती घालून जागेवर उड्या मारून बघा. लाजू नका, तुम्हाला त्यात तीन तास काढायचे आहेत.

खाण्याच्या बाबतीत मी जरा आग्रहानं बोलते. धावायला किलोमीटरमागे, वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण एक किलोकॅलरी लागते. तुमच्या वजनाला २१ किलोमीटर म्हणजे दोन हजारांच्या वर, आणि चालण्याच्या टप्प्यांमुळे त्यातलं थोडंच कमी होईल. या पाच महिन्यांत कडक डाएट करून वजनही उतरवायचं ठरवलंत, तर हाडं आणि टेंडन भरायला लागणारा मालच शरीराला मिळणार नाही. नडग्या पुन्हा तिथेच येतील. वजन थोडं उतरलं तर उतरू दे, पण ते या पाच महिन्यांचं उद्दिष्ट ठेवू नका. लांब पल्ल्यानंतर भूक खवळते, त्यामुळे पुष्कळांचं वजन या काळात हलतच नाही. तेव्हा काटा बघून सराव सोडू नका. दीड तासापुढच्या सरावात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. एनर्जी जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक), केळं, जे पचेल ते. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर हे वेळापत्रक डॉक्टरांसमोर ठेवून मात्रा ठरवून घ्या.

मोठं शरीर त्याच वेगाला जास्त उष्णता तयार करतं आणि वजनाच्या मानानं त्वचेचं क्षेत्रफळ कमी असल्यामुळे ती बाहेर टाकायला त्याला जास्त वेळ लागतो. म्हणून उकाड्याच्या दिवशी तुमचा वेग शेजारणीपेक्षा जास्त घसरला तर त्यात तुमची तयारी कमी पडली असं नाही. त्या दिवशी वेग सोडा, वेळ धरा. पाण्याचंही तारतम्य हवं. हळू धावणाऱ्यांना धोका कमी पाण्याचाच असतो असं नाही. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास पाणी पीत तीन-साडेतीन तास काढले, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. एखाद्या लांब सरावाच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. नंतरचं वजन आधीपेक्षा जास्त भरलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात. एक-दोन टक्के कमी भरलं तर चिंता नाही. तहान लागेल तसं प्या. आणि शर्यतीआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन धावू नका. लांब श्रमात मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो, ती तो वाढवते.

शर्यतीचे नियम आत्ताच नीट वाचा. वेळमर्यादा शर्यत सुटल्याच्या बंदुकीपासून मोजतात की तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून? पुष्कळ ठिकाणी बंदुकीपासून. म्हणजे सर्वांत मागे उभं राहिलात तर रेषेपर्यंत पोचेतोच काही मिनिटं जातात, आणि तुमच्या हातातल्या पंधरा मिनिटांतून ती वजा होतात. मधल्या टप्प्यांवर, उदाहरणार्थ १० किंवा १५ किलोमीटरवर, वेगळी मर्यादा आहे का, तेही पाहा. शेवटच्या धावपटूंपर्यंत पाण्याची टेबलं कधी कधी रिकामी होतात, म्हणून छोटी बाटली आणि तुमची जेल स्वतःजवळ ठेवा. टी-शर्टची मापं नोंदणीच्या वेळीच विचारा. आणि तो मिळालेला टी-शर्ट त्या दिवशी घालू नका, तुमच्या सरावाचाच घाला.

हे सगळं पाच महिन्यांत होईलच का? बहुतेक होईल, पण ते तुमच्या नडग्यांवर आणि झोपेवर अवलंबून आहे. मी दोन थांबे ठरवून देते. दहाव्या आठवड्यापर्यंत १० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी लंगडावं न लागता. चौदाव्या आठवड्यापर्यंत १४ किलोमीटर, २ तास २० मिनिटांच्या आसपास. पहिला थांबा चुकला तर घाबरू नका, दोन आठवडे मागे जाऊन पुन्हा या. दुसराही चुकला तर यंदा त्याच शर्यतीतल्या १० किलोमीटरच्या गटात नोंदणी बदलून घ्या आणि २१ पुढच्या मोसमात. हाडांना तेवढे महिने जास्त लागले, एवढाच त्याचा अर्थ.

आता मला तीन गोष्टी कळवा : नडगीवर अंगठा फिरवल्यावर नेमकं काय जाणवलं, आत्ताचे बूट किती जुने आहेत, आणि रोजची कुठली औषधं चालू आहेत का. त्यावरून पहिल्या चार आठवड्यांचं वेळापत्रक तुमच्यापुरतं मांडून देते. तोवर ३० सेकंद आणि ९० सेकंद सुरू करायला हरकत नाही. फक्त अंगठ्याखाली नाण्याएवढी जागा दुखत असेल तर आधी डॉक्टर, मग धावणं.